गाळलेल्या स्वगतांवरचा हशा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. भीती वाटावी म्हणून नव्हे. हातात पेन्सिल घेऊन बसते आणि समासात शेरे मारते : 'त्या दिवशी जेवणात काय होतं?', 'चष्मा घातला होता का?', 'हा मित्र नेमका आता कुठे असतो?' एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईची खोड, दुसरं काय. भुतंखेतं, छाया, चाहूल यांच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहून संपेल तेव्हाही तो बसलेला नसेल. पण मागच्या हिवाळ्यात पाच दिवसांत जे झालं, त्याच्या समासात मला एकही शेरा मारता आलेला नाही. तुम्हाला जमतो का पाहा...

मी हैदराबादला, बरकतपुऱ्यात राहते. आमच्या शाळेत मराठीला मुलं मिळेनाशी झाली, तेव्हा तो वर्ग आणि मी एकाच वर्षी निवृत्त झालो. नंतर एक दिवस फोन आला. मुंबईची एक कंपनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या संगीत नाटकावर मालिका करत होती आणि तिचं चित्रीकरण हैदराबादेत होतं. त्यांना 'भाषा मार्गदर्शक' हवी होती. नाटकाचं नाव इथे देत नाही, तशी अट आहे. कथानक सांगितलं की जुने वाचक ओळखतीलच.

एका वकिलाला आपल्या मुलीच्या बोलण्याच्या बरोबर उलट वागायची सवय. ती म्हणाली पूर्व, की हा निघाला पश्चिमेला. तिला शिकवायला एक तरुण मास्तर येतात, तिला ते मनापासून आवडतात, आणि म्हणून ती बापासमोर त्यांना नावं ठेवत सुटते, म्हणजे बाप हट्टाने त्यांनाच जावई करून घेईल. सगळी गंमत नायिकेच्या स्वगतांत आहे. बापाला सांगायचं, "बाबा, या मास्तरांचा आवाज म्हणजे फुटक्या घागरीत खडे!" आणि मग प्रेक्षकांकडे वळून म्हणायचं, "हा आवाज जरा जास्त ऐकायला मिळावा म्हणून तर काल चार गणितं मुद्दाम चुकवली!" शेजारी उभ्या असलेल्या बापाला ते ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. पहिले दोन अंक आमच्या अभ्यासक्रमाला होते, मी ते इतकी वर्षं शिकवले, त्यामुळे मला ते तोंडपाठ आहेत.

मालिकेने स्वगतं गाळली होती. झाडून सगळी.

"मॅम, स्वगत इज डेड," दिग्दर्शक समीर सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "टीव्हीवर ते आउटडेटेड वाटतं. आपण एक भव्य प्रणयगाथा करतोय."

भव्यता होतीच. मुहूर्ताचा नारळ फुटताना वरून ड्रोन फिरत होता. तालुक्याच्या गावच्या वकिलाच्या घरात लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसली झुंबरं होती. नायिका गाईला चारा घालायला जाई तीही भरजरी शालू नेसून. गाईच्या चेहऱ्यावर मला दर वेळी माझेच विचार दिसत. स्वगतं काढल्यावर नायिकेचं काय उरलं होतं, तर एक उद्धट मुलगी, जी एका गरीब मास्तराचा उगाच अपमान करत असते. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि झुंबर आणखी खाली घ्यायला लावलं.

सेट होता हयातनगरच्या पुढे, एका जुन्या गोदामात. पूर्वी तिथे मिरचीची पोती असत. दुपारी पत्रे तापले की अजून ठसका लागे, आणि ध्वनिमुद्रण करणारे श्रीनिवास गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव') कपाळाला हात लावत. जागेचं एवढं वर्णन मुद्दाम करते आहे. कारण तुम्ही लगेच म्हणाल, तिथे पूर्वी नाटकगृह असेल. नव्हतं. मी चौकशी केली. गोदामाच्या आधी तिथे शेत होतं आणि शेताच्या आधी नुसते खडक.

नायिका होती प्रणाली. चोवीस वर्षांची, दिलसुखनगरची. घराणं मूळचं नांदेडकडचं. वडील बसडेपोत टाइमकीपर. मुलीने दोन वर्षं बँकेच्या परीक्षांच्या कोचिंगमध्ये काढलेली, आणि मग कुठल्याशा ऑडिशनमध्ये तिचं हसणं सरांच्या मनात भरलं. वडिलांनी एकच संधी दिली होती : हे काम टिकलं तर ठीक, नाहीतर परत कोचिंग, आणि मग नाटकं बंद.

"तिथे मी नुसता रोल नंबर आहे, काकू," ती मला म्हणाली होती. युनिटची गाडी आधी मला घेई, मग तिला, त्यामुळे रोजचा तासभर आमचा असा जाई. "इथे माझं नाव घेऊन ओरडतात तरी."

तिला मराठी बोलता येई. आमच्या इथलं मराठी, 'हौ' आणि 'मालूम'वालं. वाचता मात्र येत नसे. शाळेत तेलुगू शिकलेली, त्यामुळे मी बोलायची आणि ती संवाद तेलुगू अक्षरांत उतरवून घ्यायची. 'फुटक्या घागरीत खडे' त्या गोल गोल अक्षरांत फार गोड दिसायचं. हेही लक्षात ठेवा : मूळ नाटकाचं पुस्तक तिच्या हातात दिलं असतं तरी तिला त्यातलं एक पान वाचता आलं नसतं.

सोमवारी तो वकिलासमोरचा नावं ठेवण्याचा प्रवेश लागला. तालमीत पोरगी सुरेख बोलली. टेक सुरू झाला. ती म्हणाली, "...फुटक्या घागरीत खडे!" आणि थांबली. मान किंचित डावीकडे वळली, ओठांच्या कोपऱ्यात हसू. थांबली ती थांबलीच. मग पुढचं वाक्य.

"कट! प्रणाली, काय झालं? विसरलीस?"

"नाही सर."

"मग थांबलीस कशाला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "सगळे हसत होते ना, सर. त्यांचं होऊ देत होते."

कुणीही हसलेलं नव्हतं. मी तर समोरच बसले होते. लाइटवाल्यांकडे पाहिलं, ते बिचारे ठसका दाबून उभे. दुसरा टेक, तिसरा, चौथा. तेच. दर वेळी ती थांबायची, आणि त्याच त्याच जागी.

मंगळवारी सरांचा संयम संपला. "अगं, जोक कुठाय त्यात, लोकांनी हसायला?" ते ओरडले. हा प्रश्न मीही त्यांना पहिल्या दिवसापासून विचारत होते, पण असो. पॅकअपनंतर त्यांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "शुक्रवारपर्यंत. पुण्याची एक मुलगी तयार आहे. मला एक फोन करायचाय फक्त."

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. मग म्हणाली, "काकू, तुम्हाला खरंच नाही ऐकू येत?"

"नाही गं."

"मला येड लागलं का?"

मी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "कसं हसतात? कोण हसतं?"

"पुष्कळ लोकं. लाइटच्या मागे, अंधारात. पहिले खालचे हसतात, माणसं. मग वरून बायका. बायका जरा लेट हसतात."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून, काकू. माडीवर बसल्यासारखं."

गोदामाला माडी नाही. जुन्या नाटकगृहांत बायकांची बैठक वर, सज्जात असे, हे मी वाचलेलं होतं, आणि या मुलीला मी ते कधीही सांगितलेलं नव्हतं. अंगावर काटा वगैरे आला नाही. चिडचिड झाली. वर्गात कुणी न शिकवलेलं उत्तर बरोबर दिलं की संशय येतो, तशी.

बुधवारी मी पुस्तक बरोबर नेलं. नाटकाची माझी जुनी प्रत, पिवळी पडलेली, शिवण उसवलेली. ती जिथे जिथे थांबली, तिथे पेन्सिलने खूण केली. प्रवेशात ती सात ठिकाणी थांबली. त्या प्रवेशात मालिकेने सात स्वगतं गाळली होती. तीच सात. मान वळवायची, स्वगत म्हणायचं आणि हशा ओसरेपर्यंत दम धरायचा, एवढाच वेळ ती दर वेळी देत होती. फक्त शब्द नव्हते.

श्रीनिवास गारूंकडे गेले. त्यांनी हेडफोन दिले आणि त्या जागा ऐकवल्या. "कुछ नहीं है, मॅडम," ते म्हणाले. "पंखा है, बाहर कबूतर है. हँसी नहीं है." खरंच नव्हती. मी तीनदा ऐकलं.

घरी वसंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. त्याने बातम्यांवरून नजर न काढता कोडं सोडवलं. "अगं, तिला संवाद कोण शिकवतं? तूच ना? तुला नाटक पाठ आहे. शिकवताना तूच त्या जागी थांबत असशील. पोरीने तेवढं उचललं."

मला इतकं हायसं वाटलं, की मी त्याला दुसऱ्यांदा चहा करून दिला. अगदी बरोबर होतं. मीच थांबत असणार! बायकांची माडीही माझ्याच कुठल्यातरी बडबडीत येऊन गेली असणार. राहिला तो हशा, तर घाबरलेल्या जिवाला काहीही ऐकू येतं. पण सरांना हे पटवायचं तर पुरावा हवा, आणि पुराव्यासाठी मी एक प्रयोग आखला. त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

तिसरा अंक मी कधी शिकवलेला नाही. कॉलेजात असताना एकदा वाचला होता, त्याला चाळीस वर्षं झाली. माझ्या प्रतीतली त्यातली मधली पानं तर केव्हाच गळून गेलीत. म्हणजे त्या पानांवर स्वगतं कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. जे मला माहीत नाही ते माझ्याकडून प्रणालीला जाणार कसं? गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी मालिकेच्या संहितेतला तोच भाग काढला. श्रीनिवास गारू शाळेत हिंदी शिकलेले. त्यांना देवनागरी वाचता येते, मराठी कळत नाही. त्यांनी आधी प्रणालीचे संवाद तिला दोनदा वाचून दाखवले, रेल्वेस्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात तसे. तिने ते उतरवून घेतले. मग बाप आणि मास्तर त्यांनीच वाचायचे आणि तिने बोलायचं. मी गोदामाच्या बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. चेहराही दिसायला नको.

ती कुठेच थांबली नाही, की माझा प्रयोग फत्ते होता.

थोड्या वेळाने श्रीनिवास गारू बाहेर आले. "तीन जगह रुकी," संहितेत केलेल्या तीन खुणा दाखवत ते म्हणाले. "दो बार थोडा, तीसरी बार बहुत. मैं समझा सो गई!"

मी पुण्यातल्या मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे नाटकाची धड प्रत आहे. म्हटलं, तिसऱ्या अंकातली एवढी पानं फोटो काढून पाठव, कारण विचारू नको. फोटो संध्याकाळी आले, गाडीत. दिलसुखनगरच्या चौकात आम्ही अडकलो होतो, पुढे बस, मागे बस. त्या पानांवर तीन स्वगतं होती. ज्या तीन वाक्यांनंतर ती थांबली होती, बरोबर त्यांच्या खाली. पहिली दोन एकेका ओळीची. तिसरं अर्धं पान.

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

प्रणाली माझ्याकडे बघत होती. "काय झालं, काकू? सरांचा मेसेज आला? गेली ना मी?"

"नाही."

"खरं सांगा. मी बाबांना सांगून टाकते मग. ते सकाळी कोचिंगवाल्यांना फोन करणार आहेत."

"बाबांना म्हणावं, फोन करू नका," मी म्हटलं. कोणत्या आधारावर म्हटलं, ते मला ठाऊक नव्हतं. प्रयोग माझा, फसलेलाही माझाच. पण या मुलीला थांबते म्हणून काढणार, आणि थांबण्यात तिची काही चूक नव्हती, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. कोण हसत होतं हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ते योग्य ठिकाणी हसत होते.

शुक्रवारी सकाळी मी समीर सरांना गाठलं. हशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. भुताची गोष्ट सांगितली असती तर त्यांनी तिचीही भव्य मालिका केली असती. मी त्यांच्या भाषेत बोलले. म्हटलं, सर, आता परदेशी मालिकांत पात्रं थेट कॅमेऱ्याकडे वळून बोलतात. चौथी भिंत मोडतात. आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी होतं आणि आपण ते विसरलो. कुणीतरी धाडसी माणसाने ते परत आणायला हवं.

सर खुर्चीत सरळ बसले. "फोर्थ वॉल," ते म्हणाले.

"तीच."

"मॅम, विश्वास ठेवा, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. ती थांबते ना... त्या पॉजमध्ये मला काहीतरी दिसत होतं."

"म्हणून तर तुम्ही तिला इतके दिवस ठेवलंत," मी म्हटलं. इतकं गुळगुळीत खोटं मी शाळेच्या तपासणीच्या दिवशीही बोललेले नाही.

अर्ध्या तासात प्रणालीने सातही स्वगतं उतरवून घेतली. पहिलं ऐकून ती खुदकन हसली. "म्हणजे हिला ते आवडतात!" मी थक्क झाले. चार दिवस ही मुलगी मास्तरांना शिव्या देत होती आणि का देत्येय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिचे उच्चार सुधारत बसले होते.

टेक झाला. "बाबा, या मास्तरांचा आवाज म्हणजे फुटक्या घागरीत खडे!" मान डावीकडे वळली, हसू आलं, आणि तिने आम्हाला विश्वासात घेऊन सांगितलं, की काल चार गणितं मुद्दाम चुकवली. लाइटवाले हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, तरी हसले. श्रीनिवास गारू आवाज बिघडतो म्हणून डोळे वटारत होते आणि स्वतःच खांदे हलवत होते. पहिल्या टेकला ओके. सरांनी स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

प्रणाली बाजूला जाऊन फोनवर बोलली. "जय भीम, बाबा. राहिली मी. हौ... हौ, राहिली! कोचिंगला नक्को म्हणा." मग नाक पुसत माझ्याकडे आली.

मी हळूच विचारलं, "आज हसले का गं ते?"

तिने आठवून पाहिलं. "नाही, काकू. आज फक्त आपलेच लोकं हसले. ते एकदम गप."

"गेले असतील?"

"मला काय मालूम," असं म्हणून ती जेवायला पळाली. चोवीसाव्या वर्षी काम राहिलं की भूक लागते. मी मात्र तिथेच बसून राहिले.

एक गोष्ट कबूल करायला हवी, ती या अनुभवातली सगळ्यात कमीपणाची आहे. मला हेवा वाटत होता. ते नाटक माझं आहे असं मी मानत आले. शिकवलेल्या दोन अंकांची ओळ न् ओळ पाठ, पाठभेद पाठ, आणि दर वर्षी मुलांपुढे 'इथे हशा येत असे' असं मी सांगत असे, स्वतः एकदाही तो न ऐकता. आणि ज्या मुलीला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही तिला तो चार दिवस ऐकू आला, खालचा आणि वरचा वेगवेगळा. मला पंखा आणि कबूतर.

युनिट जेवायला गेलं होतं. गोदाम रिकामं. पत्रे तापलेले. प्रणालीच्या जागेवर जमिनीला पांढरी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर जाऊन मी उभी राहिले. बासष्ट वर्षांची बाई, पायात स्पोर्ट्स शूज. घसा साफ केला आणि म्हटलं ते वाक्य. मान डावीकडे वळवली. स्वगत म्हटलं. एक क्षणभर कान दिला... काही नाही. मग स्वतःचंच हसू येऊन पुढचं वाक्य म्हणून टाकलं आणि पट्टीवरून बाजूला झाले. एकंदर अनुभव म्हणाल तर शून्य. हे शपथेवर सांगते : मला काहीही ऐकू आलं नाही.

कोपऱ्यात श्रीनिवास गारू डबा उघडून बसले होते. मला ते दिसलेच नव्हते. मी ओशाळले.

"माइक चालू था, मॅडम," ते म्हणाले. "अच्छा बोले आप. लेकिन बीच में क्यूं रुक गए?"

"रुके? एकाध सेकंड रुकी हूंगी."

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि हेडफोन माझ्या हातात दिले. माझा आवाज आला. वाक्य, मग स्वगत. त्यानंतर पंख्याची घरघर. नुसती घरघर, खूप वेळ. समोरच्या पडद्यावर आकडे पळत होते. मग माझा आवाज, पुढचं वाक्य.

"नौ सेकंड," श्रीनिवास गारू म्हणाले.

मला ते नऊ सेकंद आठवत नाहीत.